एमआरआयमधले लोह: चार दशकांनंतर कुठे आहोत?

एमआरआयच्या चित्रात निरोगी आणि आजारी भाग वेगळे उठून दिसावेत, म्हणून शिरेतून जे औषध देतात त्याला रुग्णालयात सरसकट ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात. या कामासाठी लोहाच्या चुंबकीय नॅनोकणांचे नाव १९८०च्या दशकापासून घेतले जाते. १९९६मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, यकृताच्या तपासणीसाठी अशा एका औषधाला परवानगी दिली. २००८मध्ये त्याचे उत्पादन थांबले. युरोपात वापरले जाणारे तशाच जातीचे दुसरे औषध पुढच्या वर्षी तिथल्या बाजारातून गेले. या विषयावरच्या शोधनिबंधांचा ओघ मात्र आटला नाही. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, पदार्थविज्ञान, जैवतंत्रज्ञान अशा कितीतरी विभागांत आजही हे कण बनवले जातात, आणि ‘एमआरआयसाठी उपयुक्त’ हे शब्द निबंधाच्या सुरुवातीलाच येतात. प्रयोगशाळेत एवढी लगबग असताना रुग्णालयात हे कण जवळजवळ दिसत नाहीत. असे का झाले, आणि पुढे काय शक्य आहे, याचा हा आढावा.

माझे मत आधीच नोंदवून ठेवतो. कण पुरेसे चांगले नव्हते म्हणून ते मागे पडले, हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. नेमक्या कोणत्या वैद्यकीय प्रश्नासाठी लोह हवे, हे ठरवण्यात या क्षेत्राची बरीच वर्षे गेली, आणि तो प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही.

चित्र उजळते कसे, काळवंडते कसे

शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रेही भरपूर. एमआरआय यंत्राचे चुंबकीय क्षेत्र (रुग्णालयांत बहुधा दीड किंवा तीन टेस्ला) या केंद्रांना एका दिशेने कलवते. रेडिओलहरींचा झटका देऊन ती हलवली, की ती हळूहळू पूर्वस्थितीला येतात. या परतीचे दोन वेगळे काळ मोजले जातात. टी-वन म्हणजे क्षेत्राच्या दिशेला पुन्हा लागण्याचा काळ. टी-टू म्हणजे सगळ्यांची जुळलेली लय मोडण्याचा काळ. दिंडीत शंभर टाळ एका ठेक्यात वाजत असावेत आणि काहींची लय मागेपुढे झाली की नाद विरत जावा, तसा हा दुसरा काळ. यकृत, स्नायू, मेंदू, गाठ या प्रत्येकाचे हे काळ वेगळे असतात आणि त्या फरकातूनच चित्र तयार होते. पॉल लॉटरबर यांनी १९७३मध्ये अशा चित्राची पहिली रीत मांडली. २००३चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळाले.

पुष्कळदा हा नैसर्गिक फरक पुरत नाही, आणि मग कॉन्ट्रास्ट लागतो. १९८८पासून वापरात आलेले गॅडोलिनियम हे या क्षेत्रातले मुख्य द्रव्य. या धातूच्या आयनात सात एकाकी इलेक्ट्रॉन असतात. ते आजूबाजूच्या पाण्याचा टी-वन काळ झपाट्याने कमी करतात आणि तो भाग चित्रात पांढरा, उजळ दिसतो.

लोहाच्या कणांची तऱ्हा निराळी. मॅग्नेटाइट हे लोहाचे काळे ऑक्साइड, म्हणजे साधा लोहचुंबकी दगड. त्याचा मोठा तुकडा कायमचा चुंबक होऊ शकतो. तोच सुमारे वीस नॅनोमीटरपेक्षा लहान केला की सगळा कण एकाच चुंबकी दिशेचा होतो, आणि ती दिशा शरीराच्या तापमानालासुद्धा क्षणोक्षणी उलटसुलट होत राहते. त्यामुळे बाहेर क्षेत्र नसताना कणांची सरासरी चुंबकता शून्य असते आणि रक्तात ते एकमेकांना ओढून गोळा होत नाहीत. यंत्रात नेले की मात्र सगळे एकदम एका दिशेने वळतात. या वागणुकीला अतिअनुचुंबकता म्हणतात. तिच्यामागचा सिद्धांत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांनी १९४९मध्ये मांडला. अशा एका कणात हजारो लोहअणू एकजुटीने काम करतात, म्हणून त्याचा प्रभाव कणाच्या आकाराच्या कितीतरी पलीकडे पोचतो. आसपासच्या पाण्याची लय मोडते, टी-टू घटतो आणि तो भाग काळा पडतो.

हे कण बनवणे अवघड नाही, आणि हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लोहाचे फेरस आणि फेरिक क्षार एकास दोन या प्रमाणात पाण्यात विरघळवून त्यात अमोनिया घातला की पिवळसर तांबूस द्रव पाहता पाहता काळा होतो. बाटलीच्या बाजूला चुंबक धरला की तो काळा गाळ तिकडे सरकतो. खरे कष्ट यापुढचे असतात. कण एकाच आकाराचे हवेत आणि रक्तात चिकटून बसायला नकोत. त्यासाठी त्यांच्यावर डेक्सट्रानसारख्या शर्करेच्या साखळीचे आवरण चढवावे लागते. आणि हे सगळे प्रत्येक खेपेला हुबेहूब तसेच, निर्जंतुक स्वरूपात जमले पाहिजे.

सुरुवात यकृतापासून

शरीरात परका सूक्ष्म कण शिरला की त्याला गिळण्याचे काम भक्षक पेशी करतात. यकृतातल्या अशा पेशींना कुप्फर पेशी म्हणतात. शिरेतून दिलेल्या लोहकणांचा बहुतांश भाग त्याच उचलतात आणि काही भाग प्लीहेत जातो. निरोगी यकृत त्यामुळे काळे पडते. कर्करोगाच्या गाठीत कुप्फर पेशी नसतात किंवा थोड्या असतात, म्हणून ती गाठ काळ्या पार्श्वभूमीवर उजळ राहते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डेव्हिड स्टार्क आणि राल्फ वाइसलेडर यांच्या गटाने १९८८च्या सुमारास रुग्णांवर हे दाखवले. त्यातूनच पुढे १९९६ची परवानगी आली. औषधाचे नाव फेरिडेक्स, युरोपात एंडोरेम.

मात्रा शरीराच्या दर किलोमागे ०.५६ मिलिग्रॅम लोह अशी होती. साठ किलोच्या माणसाला साधारण ३४ मिलिग्रॅम. प्रौढ शरीरात एरवीच तीन-चार ग्रॅम लोह असते, म्हणून ही भर मामुली. कण विरघळले की त्यांतले लोह शरीराच्या साठ्यात जमा होते आणि काळाने रक्तपेशींतही जाते. या बाबतीत लोह गॅडोलिनियमहून वेगळे. शरीराला त्याची ओळख आहे आणि त्याची सोय लावता येते.

दैनंदिन कामात मात्र अडचणी आल्या. औषध ग्लुकोजच्या द्रवात मिसळून अर्ध्या तासाच्या ठिबकीने द्यावे लागे. काही रुग्णांची पाठ असह्य दुखू लागे. मग ठिबक थांबवायची, जरा वेळाने मंद गतीने पुन्हा सुरू करायची. आधी एक स्कॅन, मग औषध, मग थांबणे, मग पुन्हा स्कॅन, असा तो क्रम. नंतर आलेले रेझोविस्ट हे औषध एकदम टोचता येई, त्यामुळे यातला काही त्रास टळला. पण तोवर यकृतपेशींत शिरणारे गॅडोलिनियमचे नवे औषध, गॅडॉक्सेटेट, आले होते. युरोपात २००४मध्ये, अमेरिकेत २००८मध्ये. एकाच इंजेक्शनात आधी रक्तवाहिन्यांची अवस्था दिसते आणि वीस मिनिटांनी यकृतपेशींची, तेही उजळ चित्रात. रेडिओलॉजिस्टची नजर उजळ चित्राला सरावलेली असते. शिवाय काळे ठिपके वाचणे जोखमीचे, कारण रक्तस्राव, कॅल्शियमचा साठा आणि हवा हेही काळेच दिसतात. यकृताचे काम गॅडोलिनियमकडे गेले ते या सोयीमुळे. कणांच्या भौतिकीत काही खोट निघाली नव्हती.

लसिका ग्रंथींचे प्रकरण

या क्षेत्रात सर्वाधिक आशा ज्याने निर्माण केली आणि सर्वाधिक खंत ज्याची वाटते, ते हे प्रकरण. म्हणून त्यावर जरा थांबतो.

कर्करोग लसिका ग्रंथींत पसरला आहे का, हे शस्त्रक्रियेआधी कळणे फार महत्त्वाचे असते. सीटी आणि साधा एमआरआय यांकडे त्यासाठी मुख्य निकष आकाराचा: आठ-दहा मिलिमीटरपेक्षा मोठी ग्रंथी संशयास्पद, लहान ती बहुधा निरोगी. पण कर्करोगाच्या पेशी लहान ग्रंथीतही असतात आणि नुसत्या सुजेनेही ग्रंथी मोठी होते.

फेरुमॉक्स्ट्रान-१० या औषधातले कण फेरिडेक्सपेक्षा बरेच लहान, आवरणासकट सुमारे तीस नॅनोमीटरचे. एवढे लहान असल्याने यकृत त्यांना लगेच उचलत नाही. ते तासन् तास रक्तात फिरतात, सूक्ष्म वाहिन्यांतून बाहेर झिरपतात आणि लसिकेबरोबर ग्रंथींत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात. रुग्णाला आज ठिबक लावायची आणि उद्या स्कॅन करायचा. निरोगी ग्रंथी दुसऱ्या दिवशी काळी ठिक्कर दिसते. जिथे कर्करोगाने भक्षक पेशींची जागा बळकावली, तो भाग पांढरा राहतो. कधी अख्खी ग्रंथी पांढरी, कधी काळ्या ग्रंथीच्या कडेला पांढरी कोर. आकार पाच मिलिमीटर असला तरी खूण तीच.

बॉस्टन आणि नेदरलँड्समधल्या नाइमेखेन इथल्या गटांनी २००३मध्ये प्रॉस्टेट कर्करोगाच्या ८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३३४ ग्रंथी काढून किंवा सुईने नमुना घेऊन तपासल्या. त्यांपैकी ६३ ग्रंथींत कर्करोग होता, आणि त्यांतल्या ४५ आकाराच्या निकषावर निरोगी ठरल्या असत्या. ग्रंथीगणिक पाहता साध्या एमआरआयची संवेदनशीलता, म्हणजे कर्करोगग्रस्त ग्रंथी पकडण्याचे प्रमाण, ३५.४ टक्के होती, तर लोहकणांसह ती ९०.५ टक्के निघाली. निबंध गाजला. पुढे नेदरलँड्समधल्या ११ रुग्णालयांनी ३७५ रुग्णांवर केलेला मोठा अभ्यास २००८मध्ये आला. तिथे संवेदनशीलता ८२ टक्के आणि त्याच रुग्णांत सीटीची ३४ टक्के. आकडा थोडा खाली आला, तरी अंतर मोठेच राहिले.

परवानगी मात्र मिळाली नाही. मार्च २००५मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने विरोधात कौल दिला. अर्ज अनेक प्रकारच्या कर्करोगांसाठी सरसकट केला होता आणि प्रत्येकासाठी पुरेसा पुरावा नव्हता, हा मुख्य आक्षेप होता. ॲलर्जीसारख्या तीव्र प्रतिक्रियांची चिंताही होती. युरोपातला अर्ज २००७मध्ये कंपनीनेच मागे घेतला. एफडीएच्या समितीच्या नकाराकडे दोन प्रकारे पाहिले जाते. नियामकांची बाजू अशी, की निदानाचे औषध निरोगी दिसणाऱ्या माणसालाही द्यायचे असते, म्हणून त्याच्या पुराव्याची पट्टी कडक हवी. नाइमेखेनच्या रेडिओलॉजिस्टांची, विशेषतः येले बारेंट्स यांची, बाजू अशी, की फक्त प्रॉस्टेटपुरता नेमका अर्ज केला असता तर एक उपयुक्त औषध वाचले असते. मला दोन्हींत तथ्य दिसते, पण दुसऱ्या मुद्द्याचे वजन अधिक वाटते. बारेंट्स यांच्या गटाने पुढच्या दशकात ते औषध पुन्हा बनवून घेऊन चाचण्या सुरू केल्या.

दरम्यान स्पर्धक बदलला. प्रॉस्टेट पेशींवरच्या पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य वापरून पेट स्कॅन करण्याची पद्धत आली. एफडीएने २०२०च्या अखेरीस तिला परवानगी दिली. मुंबई-पुण्यातही ती उपलब्ध आहे. पीएसएमए पेट संपूर्ण शरीर एका दमात दाखवतो आणि त्याची चित्रे वाचायला सोपी. पण चार-पाच मिलिमीटरच्या खाली त्याची पकड सैल होते. लोहकणांचा एमआरआय दोन-तीन मिलिमीटरच्या ग्रंथीवरही बोलू शकतो, हा त्याच्या समर्थकांचा आजचा मुख्य युक्तिवाद आहे.

गॅडोलिनियमवर प्रश्नचिन्ह

लोह मागे पडत असतानाच गॅडोलिनियम अडचणीत आले. मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा आणि आतले अवयव कडक होत जाणारा एक विकार २०००च्या सुमारास वर्णिला गेला होता. २००६मध्ये त्याचा संबंध गॅडोलिनियमशी जोडला गेला. मोकळे गॅडोलिनियम विषारी असते, म्हणून औषधात ते रेणूच्या पकडीत बांधलेले असते. ज्या औषधांत ही पकड उघड्या साखळीची असते, तिथून ते निसटण्याची शक्यता जास्त, आणि मूत्रपिंडे बंद असली की त्याला बाहेर पडायला वाटच नसते. २०१४मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले, की मूत्रपिंडे ठीक असलेल्या लोकांतही वारंवार इंजेक्शने घेतल्यावर मेंदूच्या काही भागांत खुणा उरतात. २०१७मध्ये युरोपने उघड्या साखळीची बरीच औषधे थांबवली. अमेरिकेने ती चालू ठेवून इशारा छापायला लावला. मेंदूत उरलेल्या या अंशांनी निश्चित इजा होते, असे आजवर सिद्ध झालेले नाही.

बंद कडीच्या रेणूंची नवी औषधे बरीच सुरक्षित आहेत. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२०च्या सुमारास संयुक्तपणे सांगितले, की मूत्रपिंडे कमकुवत असली तरी अशा औषधांतला धोका इतका कमी आहे की गरजेची तपासणी अडवू नये. २०२२मध्ये अर्ध्या मात्रेत काम भागवणारे गॅडोपिक्लेनॉलही आले. दुसरीकडे, लघवीवाटे बाहेर पडलेले गॅडोलिनियम सांडपाण्यातून नद्यांत जाते, हे जर्मनीत १९९६मध्येच नोंदले गेले होते. हा मुद्दा रुग्णाच्या खाटेपाशी कधीच येत नाही, पण तो खरा आहे.

मागच्या दाराने आलेले औषध

फेरुमॉक्सिटॉल हे २००९मध्ये अमेरिकेत मंजूर झाले ते मूत्रपिंडविकारात होणाऱ्या रक्तक्षयावरचे लोह म्हणून. पण त्यातला कणही मॅग्नेटाइटसारखाच, शर्करेच्या आवरणातला. रेडिओलॉजिस्टांच्या हे लगेच लक्षात आले आणि मूळ परवान्याबाहेर त्यांनी ते वापरायला सुरुवात केली. रक्तात त्याचा निम्मा भाग उरायला सुमारे चौदा-पंधरा तास लागतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांची चित्रे घाई न करता घेता येतात आणि सौम्य मात्रेत ती उजळही दिसतात. लॉस एंजेलिसमध्ये जन्मजात हृदयविकार असलेल्या लहान मुलांच्या तपासण्यांसाठी याचा चांगला उपयोग झाला, कारण अशा बाळाला सांगून श्वास रोखायला लावता येत नाही. पोर्टलंडमध्ये एडवर्ड न्यूवेल्ट यांच्या गटाने मेंदूच्या गाठींसाठी, तर स्टॅनफर्डमध्ये हाइके डाल्ड्रुप-लिंक यांच्या गटाने कर्करोगग्रस्त मुलांना किरणोत्साराशिवाय तपासण्यासाठी ते वापरले.

मग सुरक्षेचा प्रश्न आला. २०१५मध्ये एफडीएने औषधावर सर्वांत कडक इशारा लावला. बाजारात आल्यापासून ७९ तीव्र ॲलर्जी-प्रतिक्रिया नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या १८ जीवघेण्या ठरल्या होत्या. तेव्हा ५१० मिलिग्रॅमची मात्रा वेगाने टोचली जाई. आता ती किमान पंधरा मिनिटांच्या ठिबकीने, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायची असते. ठिबकीने दिल्यावर सुमारे दोन हजार रुग्णांत त्याची फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजशी, म्हणजे आपल्याकडेही सर्रास वापरल्या जाणाऱ्या लोहाच्या इंजेक्शनशी, तुलना झाली. मध्यम ते तीव्र प्रतिक्रियांचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखे आणि एक टक्क्याच्या आत होते. एमआरआयसाठी वापरणाऱ्या केंद्रांनी २०१९मध्ये मिळून जी नोंदवही प्रसिद्ध केली, तिच्यात ३,२१५ रुग्ण आणि ४,२४० इंजेक्शने होती. जीवघेणी किंवा तीव्र प्रतिक्रिया एकही नव्हती. तरी दुर्मीळ धोका नोंदवहीतून पूर्ण कळत नसतो, हेही तितकेच खरे. हजारांत न दिसलेली गोष्ट लाखांत दिसू शकते.

तीन भूमिका

आजच्या चर्चेत मुख्यतः तीन भूमिका दिसतात. पहिली पर्यायवाद्यांची: लोह शरीराला परिचित आहे, मूत्रपिंडावर अवलंबून नाही, म्हणून जिथे जमेल तिथे गॅडोलिनियमची जागा त्याने घ्यावी. या दिशेचे काम टी-वन परिणाम वाढवण्याचे आहे. कण अगदी लहान, तीन नॅनोमीटरच्या आसपास केला तर तो काळेपणा कमी आणि उजळपणा जास्त देतो. सोलमधल्या ह्योन टेग-ह्वान यांच्या गटाने २०११मध्ये आणि अमेरिकेतल्या एमआयटीने २०१७मध्ये अशा कणांची चांगली उदाहरणे दाखवली.

दुसरी भूमिका सावधवाद्यांची. बंद कडीचे गॅडोलिनियम कोट्यवधी वेळा वापरून झाले आहे. पाच मिनिटांत काम होते आणि दुसऱ्या दिवशी शरीर बव्हंशी मोकळे. लोहाचे कण महिनोन् महिने राहतात. फेरुमॉक्सिटॉलनंतर तीन महिन्यांपर्यंत पुढच्या एमआरआयवर परिणाम दिसू शकतो, हे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. थॅलेसेमियासारख्या, आधीच लोह साचलेल्या रुग्णाला तर हे देणे योग्यच नाही. म्हणून लोह मोजक्या ठिकाणीच वापरावे, असे हे लोक म्हणतात.

तिसरी भूमिका मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटते. ती म्हणते, की लोहाला गॅडोलिनियमच्या मापाने मोजूच नका. गॅडोलिनियम सांगते रक्त कुठे जाते, कुठे झिरपते. लोह सांगते भक्षक पेशी कुठे जमल्या आहेत. ही माहिती वेगळ्या जातीची आहे. धमनीच्या भिंतीतली जळजळ, गाठीभोवतीची दाहक प्रतिक्रिया, लसिका ग्रंथी हे त्याचे खरे क्षेत्र. पण हे क्षेत्रही सोपे नाही. पोटातल्या महाधमनीला फुगवटा आलेल्या ३४२ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेला अभ्यास २०१७मध्ये आला. भिंतीत लोहकण साठले होते त्या रुग्णांत फुगवटा वाढण्याचे, फुटण्याचे किंवा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण जास्त निघाले. मात्र फुगवट्याचा व्यास माहीत असताना या तपासणीने अंदाजात फारशी भर पडली नाही. व्यास तर साध्या सोनोग्राफीतही मोजता येतो.

नेमक्या पेशीवर नेम धरण्याचे स्वप्न

कणावर प्रतिपिंड चिकटवायचे, म्हणजे तो थेट गाठीतल्या पेशींना जाऊन बिलगेल, ही कल्पना गेली तीसेक वर्षे मांडली जाते. तिच्या यशाचे मोजमाप २०१६मध्ये टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने केले. आदल्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे निबंध एकत्र करून पाहिले, तर दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा भाग मध्यकानुसार फक्त ०.७ टक्के निघाला. हिशेबाच्या पद्धतीवर काहींनी आक्षेप घेतले, आणि निदानाला उपचाराइतकी मात्रा लागत नाही हेही खरे. तरी अडथळा कुठे आहे ते कळते. रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा थर बसतो आणि कष्टाने लावलेला प्रतिपिंड त्याखाली झाकला जातो. मग भक्षक पेशी तो कण उचलतात.

पेशींनाच लोह पाजून त्यांचा माग काढण्याचा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. नाइमेखेनमध्येच २००५मध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांना अशा लोहयुक्त प्रतिकारपेशी देऊन त्या कुठे पोचतात हे पाहिले गेले. काही रुग्णांत त्या ग्रंथीत न जाता शेजारच्या चरबीत टोचल्या गेल्याचे एमआरआयने दाखवले. ही माहिती एरवी मिळाली नसती. पण दिलेली पेशी मेली आणि तिचे लोह दुसऱ्या पेशीने गिळले, तरी ठिपका काळाच दिसतो. जिवंत कोण आणि मेलेले कोण, हे चित्र सांगत नाही.

एमआरआयबाहेरची वाट

२००५मध्ये हॅम्बुर्गच्या फिलिप्स प्रयोगशाळेतल्या बेर्नहार्ड ग्लाइख आणि युर्गन वाइझेनेकर यांनी चुंबकीय कणांचे चित्र थेट काढण्याची पद्धत मांडली. यात पाण्याचा संबंध नाही. बदलत्या क्षेत्राला कण जो प्रतिसाद देतात तोच मोजला जातो. शरीरात एरवी असा प्रतिसाद देणारे काही नसते, म्हणून पार्श्वभूमी कोरी आणि कण जेवढे तेवढा संकेत. किरणोत्सारही नाही. २००९मध्ये उंदराच्या धडधडत्या हृदयाचे चित्र मिळाले. आता माणसाच्या डोक्याएवढी आणि पायाएवढी यंत्रे जर्मनी व अमेरिकेत बनली आहेत. अडचणी दोन. यंत्र मोठे करत गेले की बदलत्या क्षेत्राने नसांना झटके बसण्याची आणि शरीर तापण्याची मर्यादा आडवी येते. दुसरी अडचण अशी, की या पद्धतीत बरेच काम रेझोविस्टवर झाले आहे. ते एमआरआयसाठी बनवलेले जुने औषध, आणि त्यातल्या कणांपैकी थोडेच इथे खरोखर उपयोगी पडतात.

सगळ्यात शांतपणे रुजलेला उपयोग तर चित्राचाच नाही. स्तनाच्या कर्करोगात काखेतली पहिली ग्रंथी शोधण्यासाठी एरवी निळा रंग आणि किरणोत्सारी टेक्नेशियम वापरतात. टेक्नेशियम सहा तासांत निम्मे होते, म्हणजे जवळ अणुवैद्यकाचा विभाग लागतो. लोहकण टोचून हातात धरायच्या चुंबकी शोधकाने ती ग्रंथी शोधता येते. ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या या पद्धतीला एफडीएने २०१८मध्ये मान्यता दिली. स्वीडनच्या शल्यचिकित्सकांनी तिचा आणखी एक फायदा काढला. कण ग्रंथीत आठवडेच्या आठवडे टिकतात, म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेत ते नुसते टोचून ठेवायचे आणि तपासणीत कर्करोग पसरणारा निघाला तरच ग्रंथी काढायची. तोटाही आहे. टोचल्या जागी त्वचेवर तपकिरी डाग राहू शकतो आणि पुढे स्तनाचा एमआरआय करायचा झाला तर तो भाग वाचता येत नाही.

आपल्याकडे

मुंबईच्या आयआयटीत, भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात चुंबकीय नॅनोकणांवर बरेच काम झाले आहे. त्यात कणांना बदलत्या क्षेत्राने तापवून गाठ जाळण्याच्या कल्पनेवर भर अधिक. कॉन्ट्रास्टच्या बाजूने पाहता आपल्याकडची गरज खरी आहे. मधुमेहातून मूत्रपिंडे गेलेले आणि डायलिसिसवर असलेले रुग्ण कमी नाहीत. जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रिया होते पण अणुवैद्यकाचा विभाग नसतो, अशीच परिस्थिती बहुतेक ठिकाणी आहे. चुंबकी शोधकासारखे साधन इथे मोलाचे ठरेल. त्यासाठी लागणारे कण प्रयोगशाळेच्या टेबलावर तयार होतात, पण औषध म्हणून ते बनवणे हे निराळे काम आहे. जिवाणूंच्या विषाचा अंश नाही, दर खेपेला आकार तोच, वर्षभर बाटलीत ठेवून गोळे नाहीत, या गोष्टींवर निबंध छापून येत नाहीत आणि विद्यापीठात बढतीही मिळत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या कामाची खरी उणीव इथेच आहे.

जे ठरायचे आहे

सुरक्षेचा प्रश्न अर्धा सुटला आहे. मात्रा आणि वेग आवरला की धोका कमी होतो, हे पटते. पण एकाच रुग्णाला वर्षानुवर्षे दर काही महिन्यांनी लोहकण दिले तर काय, याचे उत्तर नाही. मोजमापाचे एकमतही नाही. एका प्रयोगशाळेच्या कणाची दुसरीच्या कणाशी तुलना करायला दोन्हींचे क्षेत्र, तापमान आणि द्रव सारखे हवे, आणि निबंधांत ते क्वचित सारखे असतात. कमी ताकदीच्या, स्वस्त आणि हलवता येणाऱ्या एमआरआय यंत्रांचा उदय हा एक नवा धागा आहे. अगदी मंद क्षेत्रातही लोहकण बरेच चुंबकित होतात, त्यामुळे तिथे ते गॅडोलिनियमवर मात करू शकतील असे सुरुवातीचे प्रयोग सांगतात. पण हे अजून प्राण्यांपुरते आहे.

अर्थकारण याहून अवघड आहे. निदानाचे औषध माणूस आयुष्यात एक-दोनदा घेतो. त्यासाठी हजारो रुग्णांची चाचणी करण्याचा खर्च निघेल का, हा हिशेब कंपन्या करतात आणि बहुधा नकार देतात. जुन्या कणांची पेटंटे संपली आहेत, त्यामुळे तो खर्च उचलण्याचे कारण आणखी कमी झाले. सार्वजनिक पैशावर चाललेल्या नाइमेखेनसारख्या केंद्रांनी काही अंतर भरून काढले, पण एका केंद्राचा अनुभव म्हणजे परवाना नव्हे.

आणि ग्रंथींच्या बाबतीत सर्वांत मोठा प्रश्न पुढेच उभा आहे. दोन मिलिमीटरची कर्करोगग्रस्त ग्रंथी चित्रात सापडली, तिच्यावर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाले, तर तो रुग्ण अधिक जगतो का? की इतक्या लहान प्रसाराचा शोध लागल्याने फक्त उपचार वाढतात? पीएसएमए पेट आणि लोहकणांचा एमआरआय हे दोन्ही एकाच रुग्णांवर करून, त्यांच्या आधारे उपचार ठरवून, पुढची दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा केला तरच हे कळेल. ते होईपर्यंत संवेदनशीलतेचे आकडे कितीही चांगले निघाले तरी परवान्याच्या टेबलावर तोच जुना वाद पुन्हा होणार.